साठ-चाळीसची कांडी

१८ मार्च २०२२, शुक्रवार. अल वक्रा, कतार

फौजेत सतरा वर्षं आर्मरर म्हणून, हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करत काढली. रोजच्या रोज लॉगबुक लिहायची खोड तिथलीच. इथल्या कामाचं लॉगबुक इंग्रजीत असतं आणि त्यात मनातलं काही लिहिता येत नाही, म्हणून ही वही वेगळी.

आज सुट्टी आहे, पण डोकं अजून अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या, मज्र्यावरच आहे. मज्रा म्हणजे त्यांचं वाळवंटातलं फार्महाऊस. तिथे त्यांनी दोन्ही महायुद्धांतल्या चोवीस थ्री-नॉट-थ्री रायफली जमवल्यात. नोव्हेंबरात वर्ल्ड कपला पाहुणे येतील, त्यांच्यासमोर चोवीसही एका रांगेत वाजल्या पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. वर्ल्ड कप होईपर्यंत बाहेरून काडतुसं आणायला परवानगी नाही. रिकामी पितळी काडतुसं आहेत, दारू आहे. गोळी तेवढी शिशाची, मी ओतायची.

काल पहिली चाचणी घेतली आणि माझं नाक कापलं गेलं. पन्नास मीटरवरच्या कागदाला गोल भोकं पडायच्या ऐवजी लांबट पडली. गोळी सरळ न जाता आडवी लोळत जात होती. अरबाब पोट धरून हसले. म्हणाले, "गुरू, तुझ्या गोळ्या झोपून प्रवास करतात!"

चूक माझीच. पुस्तकातलं माप धरून गोळ्या ओतल्या, नळ्या मोजल्याच नाहीत. पलटणीतल्या झिजलेल्या नळ्या त्या, प्रत्येकीचं पोट वेगळं. सैल गोळीला आतल्या खाचा धरतच नाहीत, मग ती फिरणार कशी? नवशिक्यानं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

२४ मार्च, गुरुवार

चोवीस नळ्या मोजून झाल्या. मऊ शिशाचा गोळा तेल लावून एका तोंडातून घालायचा, लाकडी दांड्यानं ठोकत दुसऱ्या तोंडातून काढायचा. आतल्या खाचांचा ठसा त्यावर उमटून येतो, तो मायक्रोमीटरनं मापायचा. पाच खाचांच्या नळ्या मात्र महा-अवसानघातकी. खाचेसमोर खाच येतच नाही, मायक्रोमीटर धरायचा कुठे? शेवटी ठशाभोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून मापलं आणि पट्टीची जाडी वजा केली. आता प्रत्येक रायफलीच्या गळ्यात तिच्या गोळीच्या मापाची चिठ्ठी आहे.

वीस भाग शिशाला एक भाग कथील घातलं की साचा नीट भरतो. निव्वळ कथील मागवायला अर्ज, सह्या, नाना भानगडी. म्हणून आमच्याकडे सोल्डरच्या कांड्या येतात. त्यात साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. मी तेवढा हिशेब करून कांडी जास्त घालतो. उस्मान आज काहीतरी कागद घेऊन आला होता. मला काटा लावून बसलेला बघून म्हणाला, "तुझ्यापेक्षा सोनार परवडला बाबा." उस्मान रत्नागिरीचा, अरबाबांच्या ऑफिसात क्लार्क आहे. ही नोकरी त्यानंच मिळवून दिली आणि या व्हिलाच्या दुसऱ्या अर्ध्यात तो आणि त्याची बायको रुकैया राहतात. मधे जिप्समची भिंत. त्यांचा कुकर शिटी देतो तेव्हा माझी बायको नमिता आमचा गॅस बंद करायला धावते.

तिमाही रक्ततपासणी झाली. माझं शिसं अकरा, या धंद्यात कौतुकाचंच. कामाचे कपडे मी घरी आणत नाही. तिथेच आंघोळ, तिथेच बूट. आमची पोर ईशू सात वर्षांची आहे. पोरांना शिसं किती बाधतं हे मला कुणी शिकवायला नको.

१ एप्रिल, शुक्रवार

उद्या पाडवा आणि नमिताच्या पितळी पातेल्यानं दगा दिला. सावंतवाडीहून तिच्या आईनं दिलेलं पातेलं, कल्हई पार उडालेली. बुधवारी पितळ उतरून सोलकढी कळकली, सगळी ओतून द्यावी लागली. मी म्हटलं, स्टीलमध्ये कर. झालं! "परक्याच्या बंदुका न्हाऊमाखू घालता, बायकोच्या एका पातेल्याला कल्हई होत नाही तुमच्याच्यानं?"

दोह्यात कल्हईवाला कुठून पैदा करू? पण पलटणीत जहूर हवालदार लंगरच्या भांड्यांना कल्हई करायचा आणि मी त्याच्या हाताखाली हौसेनं शिकलो होतो. काल निघताना कांडीचा वीतभर तुकडा खिशात टाकला. मागितला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण वर्ल्ड कपच्या बंदोबस्तामुळे सध्या शस्त्रागारातल्या खिळ्याचीही नोंद होते, कोण अर्ज करत बसणार. सतरा वर्षांत सरकारचा एक स्क्रू घरी आणला नाही मी.

आज संध्याकाळी मागच्या अंगणात शेगडी मांडली. पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं. क्षणात चांदी. ईशू टाळ्या वाजवत ओरडली, "बाबा, इट्स अ मिरर!" नमिता चक्क लाजली.

तेवढ्यात रुकैया तिची तांब्याची देगची घेऊन आली. "भाऊ, हिला पण लावा की. उद्यापासून रोजे, हिच्याशिवाय माझं भागत नाही." तिला तिसरा महिना आहे. पहिली दोन राहिली नाहीत, त्यामुळे दोन्ही घरं तिला फुलासारखं जपतायत. तिचीही लावून दिली, जरा जाडच थर दिला. आत टीव्हीवर वर्ल्ड कपचा ड्रॉ लागला होता आणि उस्मान कुठला देश कुठल्या गटात ते भिंतीपलीकडून ओरडून सांगत होता.

सगळे खूश. मला मात्र चोरीचं वाटतंय. एवढ्याशा तुकड्यासाठी मन खावं असं काही नाही, पण खातंय खरं.

१६ एप्रिल, शनिवार

गोल भोकं! चोवीसपैकी एकवीस रायफली सरळ मारतायत. अरबाबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

घरी रोज सोलकढी चालू आहे. आमसुलं आदल्या दिवशीच पातेल्यात भिजत पडतात. मायलेकी वाट्याच्या वाट्या पितात. मी साताऱ्याचा, मला ते आंबट पाणी उतरत नाही, आणि जेवण बहुतेक मज्र्यावरच्या मेसमध्ये होतं. रुकैयाकडून इफ्तारला काही ना काही येतं. परवा चिंचेतलं मटण आलं होतं, अप्रतिम.

५ मे, गुरुवार

ईदच्या सुट्टीत ईशूला सूक वाकिफला नेलं. दहा पावलं चालली की "टमी हर्ट्स" म्हणून बसते. ताटात चिवडत राहते. चार-चार दिवस पोट साफ नाही. नमिता म्हणते ऊन बाधलं. तिचेही सांधे दुखतायत.

२० मे, शुक्रवार

आज मी ईशूवर हात उचलला.

शाळेतून तक्रार आली होती, लक्ष नाही, वर्गात झोपते, मुलींना ढकलते. मी पाढे विचारले. गेल्या महिन्यात घडाघडा म्हणायची तो नऊचा पाढा तिला येईना. मला वाटलं नाटक करतेय. एक लगावली. रडली नाही, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आय फरगॉट, बाबा. आय रिअली फरगॉट."

जेवण गेलं नाही. माझ्या बापानं मला असंच बडवून काढलं होतं, तेव्हा कान धरून ठरवलं होतं की आपण नाही मारायचं. थू आपल्यावर.

९ जून, गुरुवार

हेल्थ सेंटरला गेलो. डॉक्टर केरळच्या, शांत बाई. ईशूचं रक्त फार कमी झालंय. मी काय काम करतो ते विचारलं. शिसं म्हटल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिघांचंही रक्त घेतलं.

आल्यापासून मी वेड्यासारखा शोधतोय. गाडीची सीट? घड्याळाचा पट्टा? माझे केस? कशातून नेलं मी घरी? मी ईशूला जवळ घेतलं की नमिता माझ्याकडे बघते.

१४ जून, मंगळवार

ईशू एक्केचाळीस. नमिता तेहतीस. मी चौदा.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "दिवसभर शिसं तुम्ही वितळवता आणि आकडा तुमचाच सगळ्यात कमी. म्हणजे तुमच्या कपड्यांतून आलेलं नाही. घरात आहे काहीतरी, खाण्यापिण्यात." खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला. मी नाही! मग त्या एकेक विचारत गेल्या. सुरमा? कुंकू? सुटे मसाले? भांडी?

नमिता म्हणाली, "भांडं एक पितळेचं आहे, पण त्याला यांनी नवी कल्हई केलीय."

"कल्हई कशाची?" त्यांनी मला विचारलं.

"कथील," मी म्हणालो. आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडता कांडीवरचा छाप डोळ्यांपुढे उभा राहिला. साठ-चाळीस.

"प्युअर?"

"येस, मॅडम."

तीन महिने मी रोज काट्यासमोर बसून ते चाळीस टक्के शिसं वजा करतोय. गोळी हजारांश इंचानं चुकली तर मला जेवण जात नाही. आणि पोरीच्या पातेल्यासमोर बसलो तेव्हा मला फक्त चकाकी दिसली. माहीत नव्हतं म्हणावं तर तेही खोटं. माहीत होतं. त्या अंगणात ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या लिहीत होत्या. मी ‘थांबा’ म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो.

१६ जून, गुरुवार

पातेल्याला तडा गेलाय असं नमिताला सांगितलं आणि ते कामावर नेऊन शिशाच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. तिच्या आईचं पातेलं. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे, जुनंच होतं."

रुकैयाची देगचीही मागून घेतली. थर नीट बसला नव्हता अशी थाप मारली. पार तांब्यापर्यंत खरवडली, पावतीनिशी विकत आणलेल्या शुद्ध कथलाची कल्हई केली आणि परत दिली. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही किती करता आमच्यासाठी." ते ऐकवेना, फोन आल्याचं निमित्त करून निघालो.

आता यापुढे शिसं जाणार नाही. मग सांगून काय मिळणार? उस्मानला सांगितलं म्हणजे ऑफिसला सांगितलं. माझ्या नोकरीसाठी जामीन म्हणून त्याचीच सही आहे. शस्त्रागारातून माल घरी नेला, तोही या बंदोबस्तात! चोवीस तासांत परत पाठवतील आणि ईशूची औषधं इथल्या विम्यावर चालू आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत. पण दुसऱ्या कुणी मला ती दिली असती तर मी म्हटलं असतं, भित्रा आहेस लेका.

नमितानं कुंकवाचा करंडा फेकला. गोडा मसाला, हळद, माहेरचं तिरफळ, सगळं फेकलं. आज ओट्याशी उभी राहून रडत होती. "माझ्याच हातचं खाऊन पोर आजारी पडली." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फक्त हात फिरवला.

२८ जून, मंगळवार

नमिता रुकैयाच्या मागे लागली होती, तूही तपासून घे म्हणून. आज आकडा आला. एकोणतीस. सहावा महिना चालू आहे. पोटातल्या बाळालाही जातं, डोक्याची वाढ, वजन, सगळ्यावर नजर ठेवावी लागेल, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथेही तीच यादी वाचली, सुरमा, मसाले, माती. मातीपाशी रुकैया रडायला लागली. डोहाळ्यात तिला भाजकी माती खावीशी वाटायची. गावाहून कुणाकडून तरी मागवलेली पुडी तिच्या कपाटात होती आणि उस्मानला पत्ता नव्हता.

जिप्समच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. उस्मान इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकला नव्हता. मग त्यानं रत्नागिरीला आईला व्हिडिओ कॉल लावला. साजिदाबींना कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्वतःही ओरडूनच बोलतात. "दोन घालवलीस, आता या तिसऱ्याच्या जिवावर उठलीस? माती खातेस? मुसीबत नुसती!" रुकैया म्हणत होती, "थोडीशीच खाल्ली हो अम्मी, चवीपुरती."

ठरलं. सात जुलैच्या विमानानं तिला रत्नागिरीला धाडायचं, सासूच्या नजरेखाली. ईदही तिकडेच आणि बाळंतपणही तिकडेच. तिचा एकटीचा भरवसा नाही म्हणे.

मी सोफ्यावर बसून हे ऐकत होतो. उठून दार वाजवायला दहा पावलं. नाही उठलो.

३ जुलै, रविवार

उस्माननं विचारलं, गुरुवारी विमानतळावर सोडशील का, त्याची गाडी गॅरेजला आहे. मी हो म्हटलं. मग तो माझा खांदा दाबून म्हणाला, "तुमच्या ईशूचं कारण काही सापडलं नाही, वाईट वाटतं रे. आमचं निदान कळलं तरी."

मज्र्यावर आज चोवीसही रायफली सरळ मारल्या. अरबाबांनी बक्षीस जाहीर केलं.

५ जुलै, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

चारला घरी आलो. नमिता स्वयंपाकघरात होती, ईशू टॅबवर. रुकैया आली. चेहरा सुजलेला, हातात कागदाची पुडी. दोन दिवसांत बोलली नव्हती कुणाशी. पुडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"भाऊ, तुमच्याकडे मशीन असेल ना, शिसं बघायचं? एवढी उरलीय माती. तपासून द्या. परवा जायच्या आधी मला एकदा कळू दे, मीच केलंय का ते."

मी पुडीकडे बघत बसलो. मशीन आहे. नेली असती, आणली असती, काहीही सांगितलं असतं. तिनं मान डोलावली असती आणि गेली असती.

"मातीचं नाहीये हे," मी म्हणालो.

"न तपासता कसं सांगता?"

मग मी सांगितलं. कांडी, साठ-चाळीस, खिशातून आणली ते, अंगणातली कल्हई, डॉक्टरांना खोटं बोललो ते, देगची कशासाठी परत मागितली ते. नमिता डावासकट दारात येऊन उभी राहिली होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "आणि मी कुंकू फेकून दिलं." एवढंच. मग तिनं ईशूला उचललं, सात वर्षांची घोडी झालीय तरी उचललं, आणि कडेवर घेऊन तशीच उभी राहिली.

मला वाटलं रुकैयाला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला गेलो, तर तिनं हातानं गप्प केलं. उस्मान ऑफिसातून येईपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. वीस-पंचवीस मिनिटं असतील. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

उस्मान आल्यावर त्याच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं माझी कॉलर धरली. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सोडली आणि भिंतीला टेकून खाली बसला. "ऑफिसात मला सांगावं लागेल, गुरू."

"सांग. मी उद्या स्वतःच जातो. आधी डॉक्टरकडे, मग ऑफिसात."

"ते तुमचं तुम्ही बघा," रुकैया म्हणाली. "आधी तुमच्या आईला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

"रुकैया, नंतर बोलू आपण अम्मीशी."

"लावा."

त्यानं लावला. साजिदाबींचा अर्धा चेहरा दिसायला लागला, मागे पंखा. रुकैयानं फोन हातात घेतला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "सांगा, भाऊ."

मी सांगितलं. शिसं माझ्या हातनं गेलं, भांड्यातून. मातीचा काही संबंध नाही.

"काय? कोण बोलतंय? ऐकू नाही येत!"

"परत सांगा," रुकैया म्हणाली. "मोठ्यानं."

परत सांगितलं. सतरा वर्षं परेडला हुकूम दिलेत, पण एवढा आवाज कधी लावावा लागला नव्हता. व्हिलाच्या मागच्या खोल्यांत राहणारे केरळी लोक अंगणात आले. साजिदाबी म्हणाल्या, माती? माती काय? रुकैयाचा हात हलला नाही. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग चौथ्यांदा, एकेक शब्द सुटा करून. तुमच्या सुनेची काही चूक नाही. मी केलं. मी.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं आता साजिदाबी शिव्या देतील, आणि त्या ऐकायला मी तयार होतो. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "रुकैया, पोर हलतंय ना गं?"

रुकैयानं फोन खाली केला आणि पोटावर हात ठेवला. उस्मान उठून उभा राहिला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ कशाची वाट पाहिली नाही.

"हलतंय," ती म्हणाली. मग मला बाजूला व्हायला सांगून ती नमिताच्या शेजारी जाऊन उभी राहिली.